मुलांना निवांत कसं होऊ द्यायचं? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

साताऱ्याजवळच्या एका बालवाडीत मी २२ वर्षं शिकवलं. पालकसभेत अक्षरओळखीचे, डब्याचे, गणवेशाचे प्रश्न भराभर संपायचे. मग सगळे उठले, की एखादी आई चपला घालता घालता दाराशी रेंगाळायची आणि हळूच म्हणायची, "ताई, हा रात्री झोपतच नाही हो." किंवा, "हिचं अंग सारखं ताठलेलं असतं, काय करू?" दाराशी विचारलेले ते प्रश्न आणि मला उमगलेली उत्तरं इथे लिहिते आहे. हे सगळं साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तान्ह्या बाळांची गोष्ट निराळी, ती डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

मूल रात्री झोपतं ना, मग आणखी वेगळी विश्रांती कशाला?

कारण जागेपणी अंग सैल सोडणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती न येणाऱ्या मुलाला झोपही नीट लागत नाही. दिवसभर मुलाच्या कानावर काय पडतं ते एकदा मोजून बघा. ऊठ, दात घास, पटपट जेव, रांगेत उभा राहा, वही काढ, हात नीट धू. यात कुणीच काही सांगत नाही असा वेळ किती असतो? गॅलरीच्या गजाला गाल टेकवून समोरच्या तारेवरच्या कावळ्याकडे बघत बसलेलं मूल आपल्याला रिकामं वाटतं. त्या वेळी त्याचं मन दिवसभर गोळा केलेलं लावून ठेवत असतं. "काय करतोयस नुसता?" म्हणून त्याला तिथून उठवू नका, एवढीच माझी विनंती.

किती तास झोप हवी?

'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन'ने २०१६ साली दिलेले आकडे बहुतेक बालरोगतज्ज्ञ वापरतात. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, आणि तेराच्या पुढे ८ ते १० तास.

आता हिशेब करा. दुसरीतल्या मुलीला सकाळी साडेसहाला उठायचं असेल, तर तिचा डोळा रात्री साडेनवाच्या आत लागलेला हवा, आणि तोही कमीत कमी झोपेच्या हिशेबाने. म्हणजे अंथरुणावर नऊला. आपल्याकडे कितीतरी घरांत नऊला कुकर लावतात.

तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासननिर्णय निघाला. मला तो मनापासून पटला. पण सकाळी मिळालेला तास रात्रीच्या टीव्हीने खाल्ला, तर मूल होतं तिथेच राहतं.

दिवसभर दमलेला असतो, तरी रात्री दहा वाजता गादीवर उड्या मारतो. हे कसं काय?

दमलेला असतो म्हणूनच मारतो. झोपेची वेळ टळून गेली, की जागं राहण्यासाठी शरीर उसनं बळ आणतं. ताणाच्या वेळी सुटणारी संप्रेरकं वाढतात आणि पेंगणारं मूल एकाएकी तरतरीत दिसू लागतं. आपल्याला वाटतं, याला अजून झोपच आलेली नाही. खरं तर झोप येऊन गेलेली असते. डोळे चोळणं, कान ओढणं, विनाकारण कुरकुर, धडपडणं या खुणा साधारण कधी दिसतात ते चार दिवस बघा. ती तुमच्या मुलाची खरी वेळ.

दुसरी गोष्ट उताराची. खेळता खेळता "चल, झोप आता" म्हटल्यावर मूल बटण दाबल्यासारखं बंद होत नाही. त्याला पाऊण-एक तासाचा उतार लागतो. जेवण झालं, की घरातला मोठा दिवा बंद करून छोटा लावा. प्रखर उजेडात मेंदूला दिवसच वाटतो आणि झोपेला बोलावणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. मग हातपाय कोमट पाण्याने धुवा किंवा अंघोळ घाला. कोमट पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पोटातली उष्णता बाहेर पडते, अंग आतून किंचित थंड होतं आणि त्या थंड होण्याबरोबर झोप येते. मग दात, मग लघवी, मग गोष्ट. काय करता यापेक्षा रोज त्याच क्रमाने करता की नाही, याला जास्त मोल आहे. दहा-बारा दिवसांनी दात घासतानाच मुलाला जांभई येऊ लागते.

आमच्या बालवाडीतल्या एका मुलाचे बाबा रात्री नऊला कामावरून यायचे आणि आल्या आल्या त्याला उचलून वर उडवायचे. दोघांनाही दिवसभरात तेवढाच वेळ, त्यामुळे आईला "नको" म्हणवेना. मुलगा मात्र अकरापर्यंत जागा. मी बाबांना एवढंच सुचवलं, की कुस्ती बंद करू नका, दहा मिनिटं खेळा, पण शेवट तुम्ही करा. म्हणजे त्याला पालथं झोपवा आणि पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत सावकाश हात फिरवा. पुढच्या महिन्यात बाबाच सांगायला आले, की पाठ चोळता चोळता तो झोपतो. काही वेळा मीच आधी झोपतो, म्हणाले.

सकाळचं ऊनही या उताराचाच भाग आहे, हे पटकन लक्षात येत नाही. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात गेला, तर शरीराचं घड्याळ जागेवर बसतं आणि रात्रीची झोप वेळेवर येते. रविवारी तीन तास उशिरा उठवलं, तर सोमवारी ते घड्याळ पुन्हा हललेलं असतं.

डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दे म्हटलं, की मुलं खिदळतात. काय करायचं?

खिदळणारच. श्वास दिसत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला न दिसणाऱ्या गोष्टीकडे लक्ष द्यायला सांगणं कठीण आहे. तो दिसेल असं करा. मुलाला चटईवर उताणं झोपवा, पोटावर कागदाची होडी ठेवा आणि सांगा, "समुद्र हळूहळू वर येतोय, आता खाली जातोय, होडी बुडू द्यायची नाही." होडी पडू नये म्हणून मूल आपोआप पोटाने, सावकाश श्वास घेतं. बालवाडीत मी हे शेकडो वेळा केलं असेल. पहिल्या दिवशी सगळ्या होड्या बुडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो.

या खेळात श्वास बाहेर सोडणं लांबवायचं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून लांब उच्छ्वासाने अंग शांत होतं. भ्रामरीत नेमकं हेच होतं. मुलांना "भुंग्याचा मोठ्ठा लांब आवाज काढ" म्हटलं, की झालं. ओठ मिटून गुंजारव केला, की गालांत, कपाळात गुदगुल्या होतात, ते मुलांना फार आवडतं. पाच-सहा वेळा पुरे. लहान मुलांना श्वास कोंडून ठेवायला लावू नका, आकडे मोजून प्राणायाम तर मुळीच नको.

अंगासाठी आणखी एक खेळ आहे. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं, की स्नायू आधी मुद्दाम आवळला आणि मग सोडला, तर तो जास्त सैल पडतो आणि सैल म्हणजे काय ते माणसाला कळतं. मुलांसाठी याचं रूपांतर सोपं. "हातात लिंबू आहे, पिळ, पिळ, अजून पिळ, सगळा रस काढ... आता टाकून दे." मग खांदे कासवासारखे कानापर्यंत आत, आणि बाहेर. नाकावर माशी बसली, नाक आक्रस, उडाली. शेवटी पायाची बोटं चिखलात रुतव, आणि काढ. "अंग सैल सोड" या वाक्याचा अर्थ मुलाला खरोखर माहीत नसतो. लिंबू टाकून दिल्यावर हाताला जे वाटतं त्यातून तो कळतो.

त्यानंतर शवासन. हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात शवासनाला श्रम हरण करणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं म्हटलं आहे. नावाला घरातली वडीलधारी मंडळी बिचकत असतील, तर "ओली चादर" म्हणा, आम्ही तेच म्हणायचो. वेळ मात्र वयाच्या बेताने. चार वर्षांच्या मुलासाठी दोन मिनिटंही खूप झाली.

"शांततेचा खेळ" म्हणजे "हाताची घडी, तोंडावर बोट"च का?

अजिबात नाही, आणि हा फरक मला स्वतःला उशिरा कळला. पहिली काही वर्षं मीही फळ्यावर डस्टर आपटून वर्ग गप्प केला आहे. मुलं गप्प व्हायची, पण त्यांचे खांदे वर चढलेले असायचे.

मारिया माँटेसोरी यांनी रोममधल्या आपल्या बालगृहात एकदा चार महिन्यांचं बाळ मुलांसमोर आणलं आणि विचारलं, बघा, हे किती शांत आहे, तुम्हाला इतकं शांत होता येईल का? मुलांना त्यात भीती दिसली नाही, आव्हान दिसलं. ती पायसुद्धा हलवेनात. मग सगळं शांत झालं, की दुसऱ्या खोलीतून एकेका मुलाचं नाव कुजबुजत्या आवाजात पुकारायचं आणि त्याने पावलाचा आवाज न करता यायचं. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघांनी अंगणात, झाडाखाली, स्वस्तातल्या साधनांनी बालशिक्षण उभं केलं. शांत बसायला महागडी खोली लागत नाही, हे त्यांच्यामुळे आपल्याकडच्या शिक्षिकांना पटलं.

घरी संध्याकाळी दिवा लावल्यावर एक मिनिट करून बघा. डोळे मिटायचे, आणि मग काय काय ऐकलं ते सांगायचं. कुकरची शिट्टी, रिक्षा, पाल, शेजारच्या काकूंची बांगडी. नाव कुजबुजून पुकाराल, तेव्हा मुलाचा चेहरा नक्की बघा.

आमचं एका खोलीचं घर. सासूबाईंची मालिका साडेनऊपर्यंत. मुलाला कुठे झोपवू?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईला "वेगळी, अंधारी, शांत खोली ठेवा" असं सांगणारे सल्ले मला नकोसे वाटतात. एका खोलीतही कोपरा होतो. पलंगाच्या किंवा कपाटाच्या आडोशाला जुनी साडी दोरीवर टाकून पडदा करा. अंथरूण रोज त्याच जागी, उशी तीच, आणि अंगावर घ्यायला आजीच्या नऊवारीची गोधडी असेल तर फारच छान. मऊ, थोडी जड, ओळखीच्या वासाची गोधडी मुलाला चटकन निवांत करते. टीव्हीचा आवाज कमी करायला सासूबाईंना तुम्ही सांगू नका, नातवाला सांगू द्या. "आजी, मी झोपतोय" म्हटल्यावर बहुतेक आज्या आवाज कमी करतात.

उन्हाळ्यात फरशी ओल्या फडक्याने पुसून त्यावर चटई घाला. मच्छरदाणी हवीच, डास चावत असताना कुणीच निवांत होत नाही. बाहेर लग्नाचा डीजे असेल, तर लक्षात ठेवा, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे. सणांच्या मोजक्या दिवसांची सवलत सोडली, तर ११२ वर तक्रार करता येते. लहान मुलाच्या झोपेसाठी फोन करण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

मोबाइल हातात दिला, की एकदम शांत बसते. तीही विश्रांतीच नाही का?

तिच्या खांद्यांकडे आणि पापण्यांकडे बघा. मान पुढे, जबडा आवळलेला, पापणी क्वचित लवते. अंग हलत नाही, म्हणून आपल्याला शांत वाटतं. मोबाइल काढून घेतल्यावर जो आकांत होतो, त्यावरून आत काय चाललं होतं ते कळतं. होडीचा खेळ थांबवल्यावर कुणी आकांत करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर बरं. मला घरोघरची ओढाताण माहीत आहे. स्वयंपाक होईपर्यंत लागतो, तर तेव्हा द्या. फक्त झोपण्याआधीचा तास आणि जेवणाचं ताट या दोन ठिकाणी नको. आणि तो नियम मोठ्यांच्या मोबाइललाही.

शाळेतून घरी आली, की विनाकारण रडते, भावाला मारते. शाळेत मात्र गुणी.

शाळेत गुणी राहण्यातच तिची दिवसभराची ताकद संपलेली असते. घर ही तिची भरवशाची जागा, म्हणून ते सगळं घरी सांडतं. दारातच "आज काय शिकवलं? डबा का उरला?" नको. दप्तर काढा, पाणी द्या, काहीतरी खायला द्या. भुकेलं मूल निवांत होऊच शकत नाही. मग अर्धा तास काही विचारू नका. ती आपणहून स्वयंपाकघरात येते आणि मटार सोलता सोलता सगळं सांगते.

दुपारी झोपवायचं का?

पाचव्या वर्षापर्यंत गरज असेल तर हो, पण साडेतीनच्या आत उठवा. मोठ्या मुलांना पुस्तक घेऊन नुसतं पडू द्या.

अबॅकस, कराटे, स्कॉलरशिप, चित्रकला. यातलं काय कमी करू?

हे मी ठरवणार नाही, पण एक खूण सांगते. ज्या क्लासला जाताना मूल चप्पल शोधायला दहा मिनिटं लावतं, तो आधी बघा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी पूर्ण मोकळ्या हव्यात, आणि रोज मातीत, मैदानात पळणं हवंच. ज्याचं अंग दिवसा दमलेलं नाही, त्याला रात्री शांत हो म्हणणं अन्याय आहे. गृहपाठाचं म्हणाल, तर केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. शाळेत नम्रपणे हे दाखवायला हरकत नाही.

"झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" म्हटलं की डोळे मिटतो. चालेल?

डोळे मिटतो, पण कान टवकारलेले असतात. घाबरलेलं शरीर पहाऱ्यावर असतं, ते सैल कसं पडेल? त्यापेक्षा गोष्ट सांगा, आणि तीही रोज नवी नको. चिमणी-कावळ्याची गोष्ट बघा. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीचं दार ठोठावतो, आणि ती दर वेळी म्हणते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते." पुढे काय येणार ते मुलाला पाठ असतं, म्हणून त्याचं मन सुटं होतं. प्रत्येक "थांब" मागच्यापेक्षा हळू, खालच्या आवाजात म्हणा. कावळा आत येईपर्यंत बहुतेक मुलं झोपलेली असतात.

सासूबाई जायफळ उगाळून देतात, तळपायाला काशाची वाटी लावतात. बरोबर आहे का?

वाटी जरूर लावा. तूप किंवा खोबरेल लावून तळपायावर गोल गोल फिरवलं, की स्पर्शाने मूल निवांत होतं. तळवे काळे होतात ते धातू तुपात घासला जाऊन. ती "अंगातली उष्णता" नव्हे. तरी पाय पुसून घ्या, नाहीतर फरशीवर घसरतील.

जायफळाबद्दल मात्र सावध राहा. थोडं जास्त झालं, तरी लहान मुलाला विषबाधा होऊ शकते, म्हणून झोपेचा उपाय म्हणून ते नकोच. सर्दीच्या औषधाने गुंगी येते म्हणून प्रवासात, लग्नात ते देणारेही आहेत. असं कधीही करू नका. सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणावर, म्हणजे क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनच्या औषधावर, ते ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायला देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मेलाटोनिनच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, त्याही डॉक्टरांशिवाय नकोत. मुंबईच्या गिरणगावात एकेकाळी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत. त्यांची मजबुरी होती, आपल्यापुढे दुसरे मार्ग आहेत.

मध्यरात्री किंचाळून उठते, डोळे उघडे पण ओळखत नाही. दृष्ट काढली तरी थांबत नाही.

झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत होत असेल आणि सकाळी तिला काही आठवत नसेल, तर ती झोपेतली घबराट असते. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो. हलवून, पाणी शिंपडून उठवू नका. जवळ बसा, तिला लागणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत ती पुन्हा झोपते. जागरणाने हे वाढतं, तेव्हा तिला अर्धा तास आधी झोपवून बघा. पहाटे वाईट स्वप्नाने उठली आणि स्वप्न सांगत असेल, तर मात्र कुशीत घ्या आणि ऐकून घ्या. दृष्ट काढल्याने आजीला आणि तुम्हाला धीर येत असेल, तर काढा, फक्त त्यासाठी तिला झोपेतून उठवू नका.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत श्वास मध्येच अडकत असेल, तर लगेच न्या. नाकामागच्या ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. रात्री पाय सारखे हलवत असेल, तर लोह तपासून घ्या. दात खाणं म्हणजे जंत, असं समजतात, ते खरं नाही. पण रात्री शौचाच्या जागी खाज येत असेल, तर जंत असू शकतात. आणि पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंगत असेल, तर वाट बघू नका.

परीक्षा आली, की पोटात दुखतं म्हणते. ढोंग करते का?

नाही. भीतीने पोटात खरंच दुखतं, आतडी आणि मेंदू एकमेकांशी जोडलेले आहेत. "काही होत नाही तुला" म्हणण्याऐवजी पोटावर हात ठेवा आणि विचारा, "कशाची भीती बसलीय इथे?" मग लिंबू पिळा, भुंगा करा. दुखणं, रडणं, शाळा नको म्हणणं दोन-तीन आठवडे चालू राहिलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मुलाला कुणाचा त्रास होत असल्याचा संशय आला, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

ताई, मी आठला घरी येते. मीच इतकी दमलेली असते, की हे सगळं करायचं कधी?

हे सगळं करू नका. एकच करा, तिच्या शेजारी आडव्या व्हा. मूल आपल्या श्वासाची लय उचलतं, आपलं अंग सैल पडलं, की तेही पडतं. चिडून म्हटलेली अंगाई काम करत नाही आणि न बोलता नुसतं शेजारी पडणं काम करतं, हे मी माझ्या मुलीबरोबर शिकले. तिला खरं सांगा, "मी आज दमलेय गं. पाच मिनिटं पडूया दोघी." दिवा मालवा, तिचा तळवा तुमच्या हातात घ्या, आणि तुमचा श्वास सावकाश सोडत राहा. भांडी सकाळी घासता येतात.